दवाखान्याचं जहाज बुडंल का हे नंतर, आधी दाराखाली खोकं कुणी ठेवलंय ते बघा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका सिस्टरचा आहे. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालाय, सर्जिकल वॉर्डचा पाच वर्षांचा अनुभव आहे, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन ऑपरेशन्स करणाऱ्या एका हॉस्पिटल जहाजावर जायची संधी आलीय. वडील म्हणतात जहाज बुडालं तर? आई म्हणते बाईमाणसानं एकटीनं तिथं राहायचं कसं अन् खायचं काय? आणि तिला स्वतःला विचारायचंय की होकार द्यायच्या आधी नेमकं काय बघू.

ताई, मी औसा तालुक्यातली. सहा वर्षं प्रवासी जहाजाच्या दवाखान्यात सिस्टर होते, नंतर पाच वर्षं अशाच धर्मादाय हॉस्पिटल जहाजावर. आता लातूरला घरी आहे. जहाजांची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण काही गोष्टी तक्रारीच्या आहेत.

आधी वडिलांचं. काकांना सांगा की हे जहाज काय रोज समुद्रात फिरत नसतं. एका बंदरात येऊन धक्क्याला जाड दोरांनी बांधलं की आठ-दहा महिने तिथंच उभं, पेशंट गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढायच्या शिडीवरून, चढून येतात, ऑपरेशन होतं, उतरून जातात. मग दुरुस्तीला किंवा दुसऱ्या देशात जायचं तेवढंच सेलिंग, आणि त्या वेळी वॉर्ड रिकामे असतात. उदाहरण म्हणून ग्लोबल मर्सी घ्या, २०२१ ला ताब्यात मिळालेलं, चीनमध्ये मुद्दाम हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं जहाज आहे, १७४ मीटर लांब म्हणजे आपल्या एसटीच्या पंधरा-सोळा गाड्या एकामागं एक लावल्या तर होईल तेवढं, त्यात ६ ऑपरेशन थिएटर. आणि जहाजावर दवाखाना हा प्रकार आपल्याला अगदीच नवा नाही, २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्या नेव्हीनं आयएनएस निरूपक हे सर्व्हेचं जहाज दवाखाना करून इंडोनेशियाला पाठवलं होतं. तर बुडायची भीती सगळ्यात मोठी वाटते पण ती सगळ्यात लांबची. जवळची भीती वेगळीच आहे.

आग. जहाजावरची माणसं पाण्याला भीत नाहीत तेवढी आगीला भितात, कारण तिथं फायर ब्रिगेडची गाडी येत नसते, फायर ब्रिगेड म्हणजे खालच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, झोपलेला इलेक्ट्रिशियन आणि मेसमधला पोरगा, तेच आगीचे सूट घालून पळतात. बंदरात असलं तरी बाहेरची मदत येईपर्यंतचा वेळ आपलाच. आणि वाटेल तेवढं पाणीही मारता येत नाही, वरच्या डेकवर पाणी साचून इकडून तिकडं हिंदकळायला लागलं की जहाजच कलतं.

आता माझी चूक सांगते. नवीन होते. आमच्या वॉर्डचं दार लई जड, आपोआप बंद होणारं, आणि ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन दिवसातून चाळीसदा आत-बाहेर करायचं, तर आम्ही काय करायचो, सलाईनचं भरलेलं खोकं दाराला लावून ठेवायचो. सगळेच करायचे पण त्या रात्री ते मी लावलेलं होतं. दोनच्या सुमाराला खालच्या लाँड्रीत ड्रायरमधल्या कापसानं पेट घेतला. आग काही फार मोठी नव्हती, टीमनं दहा-पंधरा मिनिटात विझवली, पण धूर जिन्यानं वर आला आणि उघड्या दारातून सरळ वॉर्डात. चौदा पेशंट. त्यात टाळूचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालेलं एक लेकरू, ते खोकायला लागलं आणि माझ्या डोळ्यासमोर फक्त त्याचे टाके. मी आधी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करायचा सोडून त्याला उचलायला धावले, व्हॉल्व्ह दुसऱ्या सिस्टरनं बंद केला. कुणाला काही झालं नाही, टाकेही शाबूत राहिले. सकाळी चीफ ऑफिसर आले, हातात ते खोकं, चपटं केलेलं, टेबलावर ठेवलं आणि चहा पीत बसले. एक शब्द बोलले नाहीत. खोक्यावर वॉर्डचं नाव माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

नंतर कळलं की ती दारं आणि भिंती कशासाठी असतात. जहाजात ए-६० नावाच्या भिंती असतात, म्हणजे एका बाजूला आग असली तरी ६० मिनिटं ती पलीकडं जाऊ द्यायची नाही आणि पलीकडची बाजू ठराविक मर्यादेपेक्षा तापू द्यायची नाही. पण दार उघडं असेल तर त्या भिंतीला काही अर्थ नाही. काही दारं चुंबकानं उघडी धरलेली असतात, ते चालतं, कारण अलार्म झाला की ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, चुंबक सुटतो आणि दार मिटतं. खोक्याला अलार्म ऐकू येत नाही. तेव्हा तुम्ही गेल्या गेल्या वॉर्डात हे बघा की दाराला खोकं, पाचर, दोरी, बँडेज काही लावलंय का. लावलेलं दिसलं तर त्या जहाजाबद्दल निम्मं तिथंच कळलं.

आणि हां, खालच्या डेकवर पाणी अडवणारी सरकती दारं असतात, ती बंद होताना मधून घुसायचं नाही. कधीच नाही. ते दार लिफ्टसारखं अंगाला लागलं की मागं जात नाही.

ड्रिलचं सांगते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज आला की हातातलं काम टाकून लाईफजॅकेट घेऊन आपल्या ठरलेल्या जागी जायचं, तिला मस्टर स्टेशन म्हणतात. प्रवासी जहाजाच्या नियमात दर आठवड्याला ड्रिल असतं आणि प्रत्येक क्रूला, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, महिन्यातून एकदा तरी त्यात असावंच लागतं. पुष्कळ डॉक्टर लोकांना हे वेळ घालवणं वाटतं, ऑपरेशनची लिस्ट चालू आहे, पेशंट टेबलवर आहे, आम्हाला सोडा म्हणतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला घासून कललं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं कारण तेव्हा २४ तासांच्या आत केलं तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या. तर तुम्ही इंटरव्ह्यूत एकच विचारा, वॉर्डातले पेशंट घेऊन ड्रिल कितीदा होतं? नुसत्या क्रूचं नाही, पेशंटचं. आगीत लिफ्ट वापरत नाहीत म्हणजे चालता न येणारा माणूस स्ट्रेचरवर बांधून जिन्यानं न्यायचा. आमच्या एका ड्रिलमध्ये आमचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, पंचाऐंशी किलोचा गडी, पेशंट झाले होते आणि चार सिस्टर्स त्यांना उचलून दोन मजले. पहिल्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. जिन्याच्या रुंदीत ते वळतच नव्हतं, उभं करावं लागलं, बोसन पट्ट्यात लटकलेले आणि वरून शिव्या देतायत. ड्रिल होतं म्हणून हसलो. दुसऱ्या आठवड्यात आखूड, गुंडाळणारी स्ट्रेचरं आली.

झोपताना पायाशी बूट आणि उशाशी टॉर्च, ही सवय मला जहाजानं नाही लावली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपेत. आमचं घर अर्धं पडलं, आम्ही निघालो, पण अंधारात अनवाणी माळवदाच्या दगडमातीतून चालताना आज्जीच्या पायात पत्रा घुसला आणि ती जखम लई दिवस चिघळली. त्यानंतर आमच्या घरात आजही प्रत्येकाच्या अंथरुणाजवळ चप्पल असते. जहाजावर केबिनमेट हसायची माझ्यावर, लाँड्रीच्या आगीनंतर तिनंही बूट जवळ घेतले. केबिनपासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते हातानं मोजून ठेवा, डोळे मिटून. धुरात दिसत नाही. खाली जमिनीलगत चमकणारी पट्टी असते, तिच्याकडं बघत वाकून जायचं.

म्हणून मी म्हणते की जहाजावर तुम्ही आधी खलाशी आणि मग सिस्टर. आपल्या डोक्यात उलटं असतं. मेडिकलवाले स्वतःला पाहुणे समजतात आणि सेफ्टी हे डेकवाल्यांचं काम समजतात, सगळी गडबड तिथूनच सुरू होते. जायच्या आधी बेसिक सेफ्टीचा कोर्स जहाज तुमच्याकडून करून घेणार का, तिथं गेल्यावर देणार का, हे विचारा, आणि नाही म्हणाले तरी जमलं तर स्वतः करा. त्यात लाईफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी, उलटी पडलेली लाईफराफ्ट सरळ करणं, आग विझवणं, प्रथमोपचार हे सगळं येतं. पोहता येत नसेल तर आधी थोडं शिका. आमच्याकडं पोरं विहिरीत कंबरेला भोपळा बांधून शिकतात, पोरींना कुणी शिकवत नाही. मी तिशी ओलांडल्यावर लातूरच्या पूलमध्ये सलवार घालून शिकले, बाकीच्या बायका बघत होत्या, बघू द्या.

एजंटबद्दल दोन ओळी. जहाजाची नोकरी म्हणून आपल्याकडच्या पोरांचे लाखो रुपये गेलेत. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीला आरपीएसएल नावाचं भरतीचं सरकारी लायसन लागतं, त्याचा नंबर डीजी शिपिंग या जहाजांच्या सरकारी खात्याच्या वेबसाईटवर तपासता येतो, आणि नोकरी लावून देतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसतच नाही. धर्मादाय जहाजाचं वेगळं असतं, तिथं पगार नाही, उलट पुष्कळदा राहण्या-खाण्याचा महिन्याचा खर्च स्वयंसेवकानं स्वतः किंवा देणगीदाराकडून भरायचा, तिकीट स्वतःचं. ते फसवणूक नाही, पण घरी आधी स्पष्ट सांगून टाका. आणि कागदावर तुमची नोंद क्रू म्हणून होणार का आणखी कशी, हे लेखी घ्या. कारण आजारी पडलात तर घरी पाठवायचा खर्च कुणाचा, विमा किती, हे सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

आता राहायचं. केबिन म्हणजे आपल्या नर्सिंग हॉस्टेलची खोली अर्धी करा, खिडकी काढून टाका आणि चार बायका घाला. वर-खाली बंक, प्रत्येकीला एक पडदा, तो पडदाच तुमची खोली. सूर्य दिसत नाही, एसीचा आवाज चोवीस तास, पहिले आठ दिवस मला दिवस-रात्र कळेना, मग मी ठरवलं की काही झालं तरी सकाळी चहा घेऊन वरच्या डेकवर दहा मिनिटं उभं राहायचं. खालचा बंक मिळाला तर घ्या आणि जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवरची केबिन मिळाली तर सोनं, तिथं हलणं सगळ्यात कमी. सेलिंगच्या वेळी उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही, ती बाहेरच येते.

आपल्या सिस्टर लोकांची एक सवय, बॅगेत पाणी तापवायचा रॉड. घरी ठेवा. रॉड, शेगडी, इस्त्री, अगरबत्ती, दिवा, केबिनमध्ये काहीच चालत नाही आणि तपासणीत सापडलं तर जप्त होतं. माझा रॉड पहिल्याच दिवशी गेला. दिवाळीला बॅटरीच्या पणत्या लावल्या.

पाण्याचं मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. समुद्रात असताना जहाज खाऱ्या पाण्याचं गोडं करतं, पण बंदरातलं पाणी घाण असतं, ते मशीनमध्ये घेत नाहीत, म्हणजे टाकीत जे आहे आणि धक्क्यावरून जे तपासून घेतलं तेच. आमच्याकडं दोन मिनिटांची आंघोळ होती, शॉवर सोडा, अंग भिजवा, बंद करा, साबण लावा, सोडा, झालं. युरोपातल्या पोरी रडकुंडीला यायच्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मी सुट्टीवर घरी होते, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटर, आणि आमच्या गल्लीत भांडी धुतलेलं पाणी झाडाला आणि आंघोळीचं संडासला. सुट्टी संपवून जहाजावर गेले तर दोन मिनिटांचा शॉवर मला चैन वाटली. एकच काळजी, जो नळ किंवा शॉवर बरेच दिवस वापरलेला नाही तो आधी थोडा वेळ सोडून द्यायचा, साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा न्यूमोनियाचा जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून तो छातीत जातो. पाणी वाचवायच्या नादात हे करायचं सोडू नका.

आजारपणाचं तुम्हाला सिस्टर म्हणून माहीतच आहे, तरी जहाजाचं म्हणून सांगते. एका मेसमध्ये सगळे जेवतात, एकच रेलिंग सगळे धरतात, म्हणून जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस आला की फटाक्यासारखा पसरतो. त्याला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही, साबण-पाणीच. आणि उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास केबिनमध्येच राहायचं, मला बरं वाटतंय म्हणून ड्युटीवर यायचं नाही. आम्हा नर्स लोकांना हेच जमत नाही. २०२० मध्ये डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसांत ७१२ जणांना कोरोना झाला, त्यावरून बंद जागेचा अंदाज घ्या.

जायच्या आधी हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पुरे आहेत का बघा, सहा महिने लागतात त्याला, आणि आपल्या दवाखान्यांतून दोन डोसांवर थांबलेल्या सिस्टर्स मी किती बघितल्यात. यलो फिव्हरची लस सरकारनं ठरवलेल्या सेंटरवरच मिळते, आपल्याला मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात जावं लागतं, आणि ती घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मलेरियाची गोळी डॉक्टर देतील ती एकही न चुकवता, परत आल्यावरही सांगतील तितके दिवस. तिकडचा मलेरिया आपल्याकडच्या साध्या थंडीतापासारखा नसतो, बहुतेक वेळा फाल्सिपेरम हा धोक्याचा प्रकार असतो, मेंदूवर जाऊ शकतो. परत आल्यावर मला ताप आला, डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, मीच सांगितलं की साहेब मी आफ्रिकेतून आलेय, आधी स्मिअर, म्हणजे मलेरियाची रक्ततपासणी, करा. पॉझिटिव्ह निघाला. आल्यावर तीन महिन्यांत, अगदी वर्षभरात ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं.

एक चांगली गोष्ट राहिलीच. अशा जहाजांवर रक्तपेढी म्हणजे क्रूच असतो. गटवार यादी असते, रात्री फोन येतो, ओ पॉझिटिव्ह या. इंजिनरूमचा गडी, मेसमधली बाई, जहाजावरच्या शाळेतले मास्तर रांगेत उभे. माझं रक्त आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशातल्या एका तरण्या पोरीला दिलं, जबड्याची गाठ काढली होती तिची, आणि दुसऱ्या दिवशी मीच तिची ड्युटी सिस्टर. तिला सांगितलं नाही.

कामाचे तास. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात, एमएलसी म्हणतात त्याला, २४ तासात किमान १० तास विश्रांती आणि आठवड्यात ७७ तास, आणि ती दोनपेक्षा जास्त तुकड्यात नाही, त्यातला एक तुकडा तरी सलग ६ तासांचा. प्रवासी जहाजावर मला एका मॅडमनी कोऱ्या रेस्टशीटवर, म्हणजे विश्रांतीचे तास लिहायच्या कागदावर, महिनाभराच्या सह्या आधीच करायला लावल्या होत्या, तास त्या नंतर भरणार. मी केल्या. नवीन होते, घाबरले. तेराव्या सलग तासाला मी इन्सुलिनचा चुकीचा डोस भरला, टोचायच्या आधी सोबतच्या फिलिपिनो ब्रदरनं सिरिंज धरली म्हणून निभावलं. तुम्ही कोऱ्या कागदावर सही करू नका, एवढंच.

आईला सांगा, बाईमाणूस म्हणून मला जहाज हे लातूरच्या रात्रीच्या बसस्टँडपेक्षा सुरक्षित वाटलं, पण डोळे झाकून नाही. गँगवेवर चोवीस तास माणूस असतो, कार्ड दाखवल्याशिवाय चढताही येत नाही अन् उतरताही येत नाही, रात्री किती वाजेपर्यंत परत यायचं ते ठरलेलं असतं. त्रास बाहेरच्याचा कमी आणि आतल्याचा जास्त होऊ शकतो, वरच्या पदावरचा माणूस, लहान जागा, पळून जायला गाव नाही. त्यासाठी प्रत्येक जहाजावर किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाचा फोन नंबर लावलेला असतो, डीपीए म्हणतात, कॅप्टनला न विचारता त्याला थेट फोन करता येतो. तो पहिल्या दिवशीच मोबाईलमध्ये घाला. २०२६ पासून तर छळ आणि लैंगिक त्रासाबद्दलचं शिक्षण खलाशांच्या बेसिक ट्रेनिंगमध्येच सक्तीचं झालंय, आमच्या वेळी हे नव्हतं. किनाऱ्यावर गेलात तर मोटरसायकल टॅक्सीवर बसू नका, आमच्या क्रूची हाडं मोडली ती सगळी तिकडच्या रस्त्यावर, जहाजावर नाही. धक्क्यावर फोटो काढायला ताणलेल्या दोराजवळ थांबू नका, तो तुटला तर माणूस कापतो.

राहिलं खायचं. शाकाहारी मिळतं, उकडलेलं मिळतं, भात असतो, तिखट नसतं. मी पहिल्यांदा ज्वारीचं पॅकबंद पीठ दोन किलो नेलं होतं. रविवारी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कुकनं परवानगी दिली, डोक्याला जाळी, हाताला ग्लोव्हज, त्यात भाकरी थापायची. जाळ तर नाहीच, इलेक्ट्रिकच्या सपाट प्लेटवर टाकली, फुगायचं नाव नाही, पापडासारखी कडक झाली. येसराची आमटी मात्र झाली मनासारखी. कुकनं त्यात ती कडक भाकरी चुरून दोन वाट्या खाल्ली आणि विचारलं हा मसाला कुठं मिळतो. पुढच्या खेपेला पीठ नेलं नाही, येसर दुप्पट नेला.